मागच्या काचेवरची चांदी, पुढच्या काचेवरचं अल्युमिनियम

गेल्या महिन्यात बाबांच्या गाडीची पुढची काच बदलावी लागली. (घाटात पुढच्या ट्रकमधून खडा उडाला, बाकी काही नाही.) जुन्या काचेवरचा फास्टॅग मी नखाने खरवडून काढायला गेले आणि अर्थातच तो अख्खा निघाला नाही. तसा तो निघू नये अशीच त्याची रचना असते, नाहीतर कुणीही एका गाडीचा टॅग काढून दुसरीला चिकटवेल. कागद हातात आला आणि काचेवर चकचकीत धातूचे वेडेवाकडे तुकडे राहिले. तो टॅगचा अँटेना.

मग सहज मागच्या काचेकडे बघितलं. तिथे त्या नेहमीच्या तपकिरी आडव्या रेघा आहेत. पावसाळ्यात काचेवर धुकं धरलं की बटण दाबायचं, त्या रेघा तापतात आणि काच साफ होते. त्या रेघा चांदीच्या शाईच्या असतात. स्क्रीन प्रिंटिंगने काचेवर छापतात आणि भट्टीत भाजून पक्क्या करतात.

गंमत अशी की आमच्या क्षेत्रात या दोन्ही गोष्टींना ‘प्रिंटेड’ म्हणतात. मागच्या काचेवर धातू खरोखर शाईसारखा लावलेला आहे. पुढच्या काचेवरच्या टॅगमध्ये मात्र आधी अख्खा अल्युमिनियमचा पापुद्रा होता, त्यावर आकृती छापली आणि उरलेला धातू रसायनात विरघळवून टाकला. एकीकडे धातू घालणं, दुसरीकडे धातू काढणं. शब्द एकच.

हे मी एवढं का सांगतेय? कारण माझ्या पीएचडीचा विषय एका वाक्यात सांगायचा तर: आरएफआयडी टॅगचा अँटेना कागदावर शाईने छापणं. म्हणजे मी मागच्या काचेच्या पार्टीत आहे. आणि मागच्या प्रोग्रेस सेमिनारला समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, “अल्युमिनियमचं फॉइल इतकं स्वस्त असताना शाई कशाला? ही लढाई बाजाराने कधीच निकालात काढली ना?” मी जे उत्तर दिलं ते मलाच पटलं नाही. म्हणून या वेळची पोस्ट थोडी इतिहासाची. ही लढाई नक्की कुठे सुरू झाली आणि कोण कशामुळे हरलं, ते बघू.

पहिला माणूस पॉल आयस्लर. जन्म व्हिएन्नातला, १९०७ चा. इंजिनिअरिंगची पदवी घेतली, पण ज्यू असल्यामुळे त्या काळच्या ऑस्ट्रियात धड नोकरी मिळेना. काही काळ त्याने रेडिओविषयीच्या एका साप्ताहिकात काम केलं आणि तिथे छपाईचं तंत्र जवळून बघितलं. माझ्या मते त्याच्या शोधाचं मूळ तिथे आहे. रेडिओच्या आत तारांचं जंजाळ असायचं, एकेक तार हाताने झाळून जोडायची. छापखान्यात मात्र कितीही गुंतागुंतीचं चित्र असो, एकदा प्लेट तयार झाली की हजार प्रती निघतात. मग सर्किट हेसुद्धा एक चित्रच का नसावं?

१९३६ मध्ये तो लंडनला निसटला. भाड्याच्या खोलीत बसून त्याने छापील सर्किटाचा रेडिओ जुळवला आणि प्लेसी या मोठ्या कंपनीला दाखवला. त्यांनी नकार दिला. आयस्लरने आत्मचरित्रात त्याचं कारण दिलंय: हे काम कारखान्यातल्या मुली करतात, त्या स्वस्त पडतात आणि कामात फेरबदलही पटकन करता येतो. तंत्रात खोट काढलेली नव्हती. मजुरी स्वस्त होती, एवढंच. हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलंय, कारण या संपूर्ण इतिहासात ते परत परत भेटतं. दर वेळी फक्त ‘मुली’च्या जागी दुसरं काहीतरी असतं.

१९४० मध्ये इंग्लंडने त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून नजरकैदेत टाकलं. (हिटलरपासून पळून आलेल्या माणसाला!) सुटल्यावर तो लंडनच्या एका शिळाछापवाल्यांकडे, हेंडरसन अँड स्पॉल्डिंगकडे लागला. १९४३ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. पद्धत अशी: इन्सुलेटरवर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवा, त्यावर आम्लाला दाद न देणाऱ्या शाईने सर्किटाची आकृती छापा, आणि उघडा राहिलेला धातू रसायनाला खाऊ द्या. कॉलेजात फेरिक क्लोराईडमध्ये पीसीबी बुडवून ज्यांनी शर्टावर न जाणारे पिवळे डाग पाडून घेतलेत, त्यांना ही पद्धत वेगळी सांगायला नको. बुधवार पेठेतून कॉपर क्लॅड आणायचा, परमनंट मार्करने रेघा मारायच्या. ती मार्करची रेघ म्हणजे आयस्लरची छपाई. इथे शाई धातूची नाही, ती फक्त धातूची राखणदार आहे.

आता दुसरी बाजू. युद्धाच्याच काळात अमेरिकेत तोफगोळ्यांसाठी प्रॉक्सिमिटी फ्यूझ तयार होत होता. लक्ष्याजवळ गेलं की गोळा आपोआप फुटला पाहिजे, म्हणजे गोळ्याच्या टोकात अख्खा रेडिओ बसवायचा. उखळी तोफेच्या गोळ्यात तर जागा फारच कमी. तिथे नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्स आणि सेंट्रालॅब या कंपनीने सिरॅमिकच्या चकतीवर चांदीच्या शाईने वाहक आणि कार्बनच्या शाईने रोध छापले. म्हणजे सरळसरळ धातू घालण्याची पद्धत. बऱ्याच ठिकाणी तुम्ही वाचाल की त्या फ्यूझमध्ये आयस्लरचं तंत्र होतं. कल्पना एका कुळातली म्हणता येईल, पण सिरॅमिकवरची चांदीची शाई आणि कोरलेला तांब्याचा पत्रा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझ्या दृष्टीने सगळा मुद्दा या फरकातच आहे.

युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, ब्यूरोच्या ब्रुनेट्टी आणि कर्टिस यांनी छापील सर्किटांवर एक परिपत्रक काढलं, क्रमांक ४६८. त्यात पद्धतींचे सहा मुख्य वर्ग केलेत: रंगवणं, फवारणं, रासायनिक लेप, निर्वात पद्धती, साच्याने ठोकणं आणि धातूची भुकटी भुरभुरणं. यादी परत वाचा. पत्रा आम्लाने कोरणं हा त्यात मुख्य वर्गच नाही! त्या वर्षी कुणी पैज लावली असती तर चांदीच्या शाईवर लावली असती.

आणि पुढच्या दहा वर्षांत झालं उलटंच. १९४९ मध्ये अमेरिकी सैन्याच्या सिग्नल कोअरमध्ये अब्रामसन आणि डँको यांनी कोरलेल्या तांब्याच्या बोर्डाला भोकं पाडून, सुटे भाग त्यात खोचून, अख्खा बोर्ड एका दमात वितळलेल्या सोल्डरमध्ये बुडवायची युक्ती काढली. तांब्याचा पत्रा अस्सल धातू, त्यामुळे त्याला सोल्डर छान धरतो. शाईचं तसं नाही. शाई म्हणजे चांदीचे बारीक कण आणि त्यांना धरून ठेवणारं बाइंडर, आणि हे बाइंडर वीज वाहत नाही. सिरॅमिकवर किंवा काचेवर ती शेकडो अंशांवर भाजली की बाइंडर जळतं, कण एकमेकांत वितळून मिळतात आणि चांगला धातू तयार होतो. प्लास्टिक किंवा कागदाला ती भट्टी सोसत नाही. म्हणून शाई सिरॅमिक, काच आणि पुढे सोलर सेलच्या सिलिकॉनवर टिकली (छतावरच्या पॅनेलवरच्या त्या बारीक रुपेरी रेघा आठवा), आणि स्वस्त, मोठ्या बोर्डांचा मुलूख कोरलेल्या तांब्याकडे गेला.

आयस्लरला याचं काय मिळालं? फार नाही. नोकरीच्या करारात त्याने पेटंटचे हक्क नाममात्र रकमेला लिहून दिले होते. अमेरिकेत त्याची टेक्नोग्राफ कंपनी बेंडिक्सविरुद्धचा दावा १९६३ मध्ये हरली, आणि नंतर इंग्लंडमध्येही हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन हरली. जिंकलेल्या तंत्राचा हा कर्ता, १९९२ मध्ये वारला.

इथे एक वळण घ्यायला हवं, कारण आतापर्यंत आपण सर्किटाबद्दल बोलत होतो आणि टॅग अजून आलेलाच नाही.

टॅगमध्ये बॅटरी नसते. टोलनाक्यावरचा रीडर रेडिओलहरी सोडतो, अँटेना त्यातली जरा ऊर्जा पकडतो, तेवढ्यावर चिप जागी होते. चिप स्वतः लहरी सोडत नाही. ती फक्त अँटेनाला जोडलेला भार बदलत राहते, आणि त्यामुळे अँटेनावरून परत जाणारी लहर कमीजास्त होते. लहानपणी आरशाने समोरच्या बाल्कनीत कवडसा पाडायचो, आरसा हलवून खुणा करायचो, तसं. ऊन सूर्याचं, खूण आपली.

ही कल्पना हॅरी स्टॉकमनने १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये आयआरईच्या नियतकालिकात मांडली. लेखाचं शीर्षकच ‘कम्युनिकेशन बाय मीन्स ऑफ रिफ्लेक्टेड पॉवर’. त्याआधी १९४५ मध्ये रशियाने मॉस्कोतल्या अमेरिकी राजदूताला लाकडी राजमुद्रा भेट दिली होती. तिच्यात थेरेमिनने बनवलेला, बॅटरी नसलेला असाच एक कान लपवला होता आणि तो १९५२ पर्यंत कुणाला सापडला नाही. ही गोष्ट आरएफआयडीच्या प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये असते, म्हणून मी ती एवढ्यावरच सोडते. १९७३ ची कार्डुलो आणि वॉल्टन यांची पेटंटं, १९७५ चा लॉस अलामॉसचा गुरांच्या ओळखीवरचा पेपर, हेही सगळीकडे सापडेल.

जे फारसं सांगितलं जात नाही ते म्हणजे चोरी पकडणारा स्टिकर. मॉलमध्ये शॅम्पूच्या किंवा औषधाच्या खोक्यावर चौकोनी पांढरा किंवा बारकोडसारखा दिसणारा एक स्टिकर असतो, तो सोलून बघा. आत प्लास्टिकची पातळ फिल्म, तिच्या दोन्ही बाजूंना अल्युमिनियम. एका बाजूला चौकोनी जिलबीसारखी वेटोळी, ती कॉइल. दोन्ही बाजूंचे समोरासमोरचे चौकोन मिळून कपॅसिटर. दोघांची जोडी ८.२ मेगाहर्ट्झच्या आसपास अनुनादते, आणि दाराशी उभ्या केलेल्या दोन खांबांना ते कळतं. चिप नाहीच. हा टॅग फक्त एक बिट सांगतो: ‘मी इथे आहे’. पैसे भरले की काउंटरवर जोरदार क्षेत्र सोडतात. कपॅसिटरच्या फिल्ममध्ये एका ठिकाणी मुद्दाम खळगा दाबून ती पातळ केलेली असते, तिथे ठिणगी पडून शॉर्ट होतं आणि टॅग मुका होतो. मला स्वतःला आरएफआयडीच्या इतिहासातली ही सगळ्यात देखणी युक्ती वाटते.

पण महत्त्वाची गोष्ट दुसरी आहे. हे स्टिकर अब्जावधींनी निघाले, आणि निघाले ते आयस्लरच्या पद्धतीने: अल्युमिनियमचं फॉइल, त्यावर रोटरी प्रेसने छापलेली राखणदार शाई, मग रसायनाचं टाकं, हे सगळं एका रिळावरून दुसऱ्या रिळावर पळतंय. म्हणजे खरा आरएफआयडी टॅग मोठ्या प्रमाणात लागायच्या कितीतरी आधी, त्याचा अँटेना बनवू शकणारे कारखाने उभे होते आणि त्यांची किंमत वसूल झालेली होती. प्लेसीच्या ‘मुली’ आठवताहेत? इथे त्यांच्या जागी चालू मशिनं आहेत.

१९९९ मध्ये एमआयटीत ऑटो-आयडी सेंटर सुरू झालं. केव्हिन ॲश्टन, डेव्हिड ब्रॉक आणि आपल्या आयआयटी कानपूरचे संजय सरमा. त्यांचं म्हणणं असं की दुकानातल्या प्रत्येक वस्तूला रेडिओ टॅग लागायचा असेल तर टॅगची किंमत ५ सेंटवर आली पाहिजे. सरमांचा २००१ चा लेखच पाच सेंटच्या टॅगबद्दल आहे. जून २००३ मध्ये वॉलमार्टने जाहीर केलं की जानेवारी २००५ पर्यंत मोठ्या १०० पुरवठादारांनी खोक्यांना टॅग लावायचे. त्याच वर्षाच्या सुरुवातीला जिलेटने एलियन टेक्नॉलॉजीकडून ५० कोटींपर्यंत टॅग घेण्याचं ठरवलं होतं. अचानक सगळ्यांना अब्जांत अँटेना हवे होते, आणि ५ सेंटांतून चिप, जोडणी, कागद, गोंद वजा केलं की अँटेनाच्या वाट्याला जेमतेम सेंटभर उरत होता.

या क्षणी शाई पुन्हा मैदानात आली. युक्तिवाद सरळ होता आणि आजही तो चुकीचा वाटत नाही. धातू हवा तिथेच घाला. विरघळवून टाकायला धातू नाही, आम्लाची टाकी नाही, सांडपाणी नाही. लेबल छापणाऱ्याच मशिनवर अँटेनाही छापा. आणि तेव्हा चांदीचा भाव होता औंसाला ५ डॉलरच्या आतबाहेर.

आता थोडं भौतिकशास्त्र, पण घाबरू नका, हिशोब साधा आहे.

भारतात टॅगसाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. फास्टॅग त्यातच चालतो. या वारंवारतेला तरंगलांबी येते साधारण ३५ सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीचा सरळ अँटेना १७ सेंटिमीटर लांब. एवढा लांब स्टिकर कुणाला नको असतो. म्हणून अँटेना नागमोडी वळवतात. एलियनच्या एका टॅगचं नावच ‘स्क्विगल’, सुमारे साडेनऊ सेंटिमीटरांत बसवलेली नागमोड.

वळवलं की दोन भानगडी होतात. पहिली, अँटेनाचा विकिरण रोध घटतो, म्हणजे लहर सोडण्या-पकडण्याची त्याची कुवत कमी होते, आणि मग धातूच्या स्वतःच्या रोधात वाया जाणारी ऊर्जा डोळ्यांवर येते. दुसरी म्हणजे चिप. चिपचा इम्पीडन्स विचित्र असतो, रोध दहा-वीस ओहम आणि धारकतेचा भाग शेकड्यांत. अँटेनाने त्याच्या बरोबर उलट वागायला हवं, नाहीतर पकडलेली ऊर्जा चिपपर्यंत पोचतच नाही. टॅगच्या मधोमध जी छोटी खिडकीसारखी चौकट दिसते ती नक्षी नाही, ती या जुळवणीसाठी असते. के. व्ही. एस. राव, निकितिन आणि लॅम यांचा २००५ चा आढावा आणि मारोक्कोचा २००८ चा लेख हे दोन वाचले की या विषयातलं निम्मं कळतं. राव यांच्याच गटाने त्याच २००५ मध्ये चांदीच्या शाईच्या स्वस्त अँटेनांवरही पेपर वाचला होता. म्हणजे शाई गांभीर्याने घेतली जात होती.

उच्च वारंवारतेला प्रवाह धातूच्या पृष्ठभागाजवळूनच वाहतो. याला स्किन डेप्थ म्हणतात. ८६६ मेगाहर्ट्झला तांब्यात ती सव्वादोन मायक्रॉन, अल्युमिनियममध्ये पावणेतीनच्या आसपास. टॅगमधलं फॉइल नऊ-दहा मायक्रॉन जाड असतं, म्हणजे तिपटीहून जास्त. सढळ मामला. छापलेल्या आणि कमी तापमानावर वाळवलेल्या शाईची वाहकता शुद्ध चांदीच्या एकदशांश धरू. ती याहूनही कमी निघू शकते. तिची स्किन डेप्थ येते सुमारे ७ मायक्रॉन. म्हणजे एका हातात पाच-दहा मायक्रॉनचा थर बसला तरी कसंबसं भागणार. जाड थर हवा तर शाई जास्त, म्हणजे चांदी जास्त.

हे पहिल्यांदा मामाला समजावून सांगत होते. त्याचं मिरजेला लग्नपत्रिकांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान होतं. तो म्हणाला, “अगं, मग जाड जाळीचं कापड लाव. पण कड फुटेल हां.” बरोबर. जाळी जाड केली की थर जाड येतो आणि रेघेची कड ओबडधोबड होते, आणि उच्च वारंवारतेला प्रवाह नेमका कडेला दाटतो. आमच्या लॅबमध्ये हे कळायला एक सेमिस्टर गेलं होतं.

शाईमुळे पल्ला किती घटतो? समजा रीडर ४ वॅटइतक्या ताकदीने सोडतोय, आणि चिप जागी व्हायला १०० मायक्रोवॅट लागतात (२००५ च्या सुमाराच्या चिपा साधारण अशा होत्या). अर्ध्या तरंगलांबीचा, अगदी जुळलेला, काही न गमावणारा अँटेना धरला तर पल्ला येतो ७ मीटर. शाईमुळे निम्मी ऊर्जा वाया गेली तर पल्ला निम्मा होत नाही. वर्गमूळाचा हिशोब असल्याने तो ५ मीटरवर येतो. आज चांगल्या चिपला १० मायक्रोवॅटही लागत नाहीत. दहापट कमी धरलं तर तोच निम्मी ऊर्जा गमावणारा शाईचा अँटेना १५ मीटरच्या पुढे जातो. म्हणजे चिपा सुधारल्या तशी भौतिकशास्त्राने शाईविरुद्धची तक्रार जवळजवळ मागे घेतली!

मग घोडं अडलं कुठे? भावात.

पाटीवर मांडून बघा. अँटेनाचं छापलेलं क्षेत्रफळ ३ चौरस सेंटिमीटर आणि थर १० मायक्रॉन धरला, शाईतल्या पोकळ्या आणि बाइंडर वजा केलं, तरी २० मिलिग्रॅमच्या आसपास चांदी लागते. औंसाला ५ डॉलर भावाने तिची किंमत एका सेंटच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी. छान. एप्रिल २०११ मध्ये चांदी ५० डॉलरच्या अगदी जवळ पोचली. तेच २० मिलिग्रॅम आता ३ सेंटांचे. पाच सेंटच्या टॅगमध्ये तीन सेंटांची नुसती चांदी. नंतर भाव उतरला खरा, पण जुन्या ठिकाणी परत गेला नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तर त्याने ५० ओलांडले. त्यात सोलर पॅनेलवाले दर वर्षी टनांनी चांदीची पेस्ट घेतात, म्हणजे शाईची गिऱ्हाईकं एकमेकांचाच भाव चढवताहेत.

समोर अल्युमिनियम. १० चौरस सेंटिमीटरचा अख्खा तुकडा, १० मायक्रॉनचा, सगळा मिळून २७ मिलिग्रॅम. किलोला अडीच डॉलर धरले तर एका सेंटचा शंभरावा हिस्साही नाही. त्यातला बराचसा विरघळवून टाकला तरी कुणाच्या खिशाला जाणवत नाही. काढण्याच्या पद्धतीत वाया जाणारी वस्तू इतकी स्वस्त असेल तर ‘काही वाया घालवू नका’ हा युक्तिवाद कारखानदाराच्या कानात शिरत नाही, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? सांडपाणी मात्र कुणाच्या तरी नदीत जातं, किंवा ते शुद्ध करण्याचा खर्च कुणीतरी भरतो. तो ५ सेंटांत दिसत नाही.

म्हणून त्या सरांच्या प्रश्नाला माझं आत्ताचं उत्तर असं आहे. हो, शाई हरली. दोनदा हरली, पण दोन्ही वेळा कारण वेगळं होतं. १९५० च्या दशकात ती सोल्डर आणि भट्टीपाशी हरली, म्हणजे तंत्रात हरली. २०११ च्या सुमाराला ती चांदीच्या भावापाशी हरली, तंत्र तोवर बरंच सुधारलेलं असताना. आणि मधल्या काळात उभे राहिलेले स्टिकरचे कारखाने हे तिसरं कारण, ज्याचा शाईशी काही संबंधच नाही. ‘बाजाराने निकाल दिला’ असं एका दमात म्हटलं की ही तिन्ही कारणं एकाच पोत्यात जातात, आणि मग कुठल्या कारणावर काम करायचं हेच कळत नाही.

माझं काम दुसऱ्या कारणावर आहे. चांदी कमी करायची किंवा काढूनच टाकायची. तांब्याची शाई स्वस्त, पण तांब्याचे कण हवेत ऑक्साइड धरतात आणि वीज वाहायचं थांबतं. त्यावर उपाय म्हणून तीव्र प्रकाशाचा क्षणिक झोत टाकून शाई भाजतात. ती इतक्या कमी वेळात तापते की खालचा कागद जळायच्या आत सगळं उरकतं. कागदावर अँटेना छापता येतात हे जॉर्जिया टेकच्या टेंट्झेरिस यांच्या गटाने २००७ मध्येच इंकजेटने दाखवलं होतं, चांदी वापरून. मला ते तांब्याने आणि मामाच्या स्क्रीनने करायचंय. शिवाय प्रवाह जिथे दाटतो, म्हणजे मधली चौकट आणि नागमोडीचा आतला भाग, तिथेच थर जाड ठेवायचा आणि टोकांना पातळ. टोकांना प्रवाह जवळजवळ नसतोच, तिथे धातू ओतून उपयोग काय?

होईल का? तांब्याची शाई दमट हवेत सहा महिने टिकली तर. कोकणातल्या पावसाळ्याइतकी वाईट परीक्षा कुठल्याही चेंबरमध्ये होत नाही, म्हणून काही नमुने मी मावशीकडे चिपळूणला पाठवलेत. ती त्यांना ‘तुझी तिकिटं’ म्हणते आणि देवघराच्या खिडकीत ठेवते. ऑक्टोबरमध्ये आणेन.

पुढचा सेमिनार डिसेंबरात आहे. या वेळी पहिली स्लाइड प्लेसीच्या नकाराची आणि दुसरी चांदीच्या भावाची, असं मॅडमना सांगितलंय, त्या म्हणाल्या, “चालेल, पण तिसरीला डेटा हवा.” तोवर बाबांच्या काचेवरचे ते अल्युमिनियमचे तुकडे मी एका पाकिटात भरून ठेवलेत. रसायनाने खाल्लेली त्यांची कड मायक्रोस्कोपखाली किती सरळ दिसते ते बघायचंय.